चार कोपऱ्यांची खोली

धुकं इतकं दाट पडलं होतं की रस्त्यापलीकडचा विजेचा खांब दिसेनासा झाला होता, आणि चोचीला ते बरंच वाटत होतं. खांब दिसत नाही म्हणजे खांबामागचं भावाचं घर दिसत नाही, आणि उठल्या उठल्या ते घर दिसलं नाही तर तिला चहा जरा गोड लागायचा.

अंगात विटका स्वेटर, डोक्याला घट्ट मफलर, अशी ती अंडी उबवायच्या यंत्रापुढं उभी होती. यंत्र कपाटाएवढं. दाराची काच तडकलेली, तड्यावर चिकटपट्टी. आतले ट्रे ती एकेक करून या कुशीवरून त्या कुशीवर कलवत होती. अंडं एकाच अंगावर पडून राहिलं की आतलं पिल्लू टरफलाला चिकटतं, म्हणून ठरल्या वेळेला ट्रे कलवायचे म्हणजे कलवायचे, मग घरात आनंद असो की आग लागलेली असो.

"लोळा," ती अंड्यांना म्हणाली. "आयतं ऊबेत लोळायचं वय आहे, लोळून घ्या. बाहेर आलात की कळेलच."

खालच्या कप्प्यात नुकतीच फुटलेली पिल्लं ओल्या अंगानं एकमेकांना तुडवत होती. त्यातलं एक पाय ओढणारं पिल्लू तिनं उचललं, उलटंपालटं करून बघितलं, आणि "तुझीच कमी होती" असं म्हणत वेगळ्या खोक्यात ठेवलं. शेजारी पाण्याची वाटीही ठेवली.

तिला चोच हे नाव गावानं ठेवलं होतं ते कोंबड्यांवरून नव्हे. कुणाचं नवं घर बघायला गेली तर ती दारातूनच भिंतीला ओल कुठं धरलीय ते सांगायची. आजारी माणसाला भेटायला गेली तर त्याच्या घरच्यांना, मेल्यावर कोण किती खोटं रडेल याचा अंदाज द्यायची. ती खरं बोलते, असं म्हणणारे चारदोनजण होते, पण तेही चार हात लांब उभं राहून म्हणायचे. लग्न तिनं केलं नाही. बघायला आलेल्या शेवटच्या मुलाला तिनं चहा देता देता विचारलं होतं, की तुमचं सगळं बोलणं तुमची आईच करणार असेल तर मी लग्न नेमकं कुणाशी करायचं. त्यानंतर कुणी आलं नाही, आणि तिनंही वाट पाहिली नाही.

तरुणपणी ती शहरात एका मोठ्या उबवणी केंद्रात होती. सरकत्या पट्ट्यावरून पिल्लं यायची. धडधाकट एका बाजूला, पांगळी दुसऱ्या बाजूला. वर्षानुवर्षं तिनं हेच केलं. पुढं मालकांनी माणसं कमी केली तेव्हा ती धडधाकट असूनही दुसऱ्या बाजूला गेली. येताना भंगारात काढलेलं एक यंत्र घेऊन आली आणि बापानं तिच्या वाटणीला ठेवलेल्या रस्त्याकडेच्या खोलीत ते तिनं उभं केलं.

गावातल्या पोरांना पक्षी पाळायला शिकवायचं असं काही तिच्या मनात नव्हतं. पिल्लं जास्त झाली नि अंगण पुरेना, म्हणून तिनं ती रिकामटेकड्या पोरांच्या गळ्यात मारायला सुरुवात केली. त्यातून एकाचं बरं चाललं, मग दुसरा आला, मग पोरी आल्या. आज आजूबाजूच्या वस्त्यांवर फिरलं तर कितीतरी घरांमागं तिच्या शिव्या खाऊन तयार झालेल्यांची शेडं दिसायची. पुढं भाजीचे वाफे, मागं कोंबड्या, वाफ्यातला पाला कोंबड्यांना, कोंबड्यांचं खत वाफ्यांना. जमिनीच्या एवढ्याशा तुकड्यावर घर चालायचं आणि पोरगं बस धरून पळून जायचं थांबायचं. एकदा कुठल्याशा संस्थेचे साहेब आले आणि तिच्या कामाला ग्रामीण युवकांचं सक्षमीकरण म्हणाले. तिनं त्यांना विचारलं, ते लसीआधी द्यायचं का लसीनंतर.

तिचे नियम दोनच होते. पहिला बादलीचा. पिल्लं मागायला कुणी आलं की ती त्याला तिच्या पिल्लांच्या खोलीत पालथ्या बादलीवर बसवायची. दिवसभर. हातात फोन नाही, तोंडात शब्द नाही. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली म्हणजे त्यांना थंडी वाजतेय, दिव्यापासून लांब पळाली म्हणजे उकडतंय, एकाच बाजूला सरकली म्हणजे कुठून तरी वारा येतोय. हे सगळं पिल्लं आपणहून सांगतात, फक्त बघायला बूड टेकावं लागतं. निम्मी पोरं दुपारपर्यंत पसार व्हायची. ती त्यांना अडवायची नाही, फक्त पाठमोऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात दोन शब्द बोलायची.

दुसरा नियम कोपऱ्यांचा. पिल्लू घाबरलं की, गारठलं की, कोपरा गाठतं. एकामागं दुसरं, दुसऱ्यावर तिसरं. खालचं गुदमरतं आणि वरच्याला पत्ताच नसतो. म्हणून जिथं पिल्लं ठेवायची त्या खोलीचे चारी कोपरे भरून गोल करून घ्यायचे. शिवाय पहिले काही दिवस पत्र्याचं गोल कडं करून पिल्लं दिव्याभोवती त्यात ठेवायची. कोपरे भरल्याशिवाय ती कुणालाही पिल्लं द्यायची नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही. एकदा मात्र दिली होती.

तिचा भाऊ गवंडी. गाव त्याला ओळंबा म्हणायचं, कारण त्याची भिंत कधी केसभरही झुकलेली नसायची. त्याचं तोंड कायम खाली लोंबलेलं असतं म्हणून ते नाव पडलं, असं चोचीचं म्हणणं. दोघं गेली कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. यंत्र ठेवायला तिनं खोली रिकामी केली तेव्हा त्यात त्याच्या सेंट्रिंगच्या फळ्या होत्या. उचलून ने, म्हणून तिनं तीनदा सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. तिनं फळ्या बाहेर काढल्या, पाऊस आला, फळ्या वाकल्या. वाकलेली फळी ही त्याच्या लेखी माणसाच्या खुनाच्या खालोखालची गोष्ट होती. त्या दिवसापासून दोघं एकाच अंगणात समोरासमोर उभी असली तरी बोलायची ती त्याच्या पोरीमार्फत. तुझ्या आत्याला सांग. तुझ्या बापाला सांग. पोरगी लहान होती तेव्हा निरोप जसेच्या तसे पोचवायची आणि दोन्हीकडून फटके खायची. मोठी झाल्यावर ती शहाणी झाली. बाप दहा वाक्यं बोलला की ती आत्याकडं वळून म्हणायची, "बाबा म्हणतात, बरं."

हीच पोरगी शिकून घरी आली आणि बादलीवर येऊन बसली. संध्याकाळपर्यंत हलली नाही. दिवे लागल्यावर चोचीनं विचारलं काय दिसलं, तर म्हणाली, दाराच्या फटीतून वारा येतोय, त्या बाजूची पिल्लं पाणी प्यायला जात नाहीत. चोचीनं उठून फटीत पोतं कोंबलं. पोरीला शाबासकी दिली नाही, पण त्या दिवशी शिवीही दिली नाही, आणि हे गावात दोन दिवस बोललं गेलं.

ओळंबा भडकला. त्यानं पोरीसाठी शहरातल्या एका मोठ्या दुकानात काम बघून ठेवलं होतं. खुर्ची, पंखा, समोर कॉम्प्युटर. जन्मभर उन्हात विटा रचल्या त्या काय पोरीनं कोंबड्यांची घाण उपसावी म्हणून? बायकोनं डोळ्यांत पाणी आणलं. पोरगी ऐकेना. शेवटी त्यानं करार केला. पिल्लांची एक खेप. साधली तर तुझं नशीब तुझ्यापाशी, नाही साधली तर गुमान दुकानात जायचं. आणि खोली परसात मी स्वतः बांधून देणार, कारण माझ्या परसात दुसऱ्या कुणाचं वाकडंतिकडं काम मला खपणार नाही.

खोली त्यानं अशी बांधली की बघायला लोक आले. कोपरे तपासायचा गुण्या लावून बघितला तरी मधे कागद सरकणार नाही असे काटकोन. गिलावा आरशासारखा. ती बघून चोचीच्या तोंडातून पहिल्यांदाच काही वाईट निघालं नाही. मग तिनं कोपऱ्यांचं काढलं. ओळंब्यानं पोरीकरवी निरोप दिला, की कोपरा मोडलेली खोली बांधायला मी काय कुंभार आहे? खरी गोम निराळी होती. नाक्यावरचा किराणावाला आधीच येऊन टेपनं खोली मोजून गेला होता. कोपऱ्यांत लोखंडी रॅक बसवायचे, मधे पोती रचायची, झालं गोदाम. खेप बुडणार हे ओळंब्यानं धरूनच ठेवलं होतं. हे चोचीच्या कानावर आलं मात्र, तिचं डोकं फिरलं. कोपरे न भरताच तिनं पिल्लांची खोकी नेऊन भाचीच्या हातात दिली. पत्र्याचं कडं घट्ट ठेव, मी सांगेपर्यंत काढू नकोस, एवढंच बोलली. तुझ्या बापाच्या चार काटकोनांवर पोसून दाखवू, हे तिच्या मनात होतं.

तर त्या धुक्याच्या सकाळी ती ट्रे कलवत होती आणि भाची दारात येऊन उभी राहिली. पायांत चपला नव्हत्या. केसांत पिल्लांखाली पसरायचं तूस अडकलेलं.

"मेली," ती म्हणाली.

चोचीनं हातातला ट्रे जागेवर सरकवला, दार लावलं आणि मागं न बघता रस्ता ओलांडला.

खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात पिवळ्या लोकरीचा ढीग पडल्यासारखा दिसत होता. वरची काही पिल्लं अजून हलत होती. भाचीनं जमली तेवढी जिवंत पिल्लं वेचून कड्यात सोडली होती. पत्रा पुन्हा गोल उभा केला होता, पण घाईत, एक बाजू कललेली. दिवा जळत होता. चोच ढिगापाशी गुडघ्यांवर बसली, एकेक पिल्लू बोटानं चाचपायला लागली. मेलेलं डावीकडं, जिवंत उजवीकडं. तिच्या हातांना हे काम पाठ होतं. तोंडालाही तिचं काम पाठ होतं.

एवढी वर्षं शिकवलं त्यात असलं बूड जड झालेलं कुणी भेटलं नव्हतं, असं तिनं सुरू केलं. कडं काढायला सांगितलं होतं कुणी? पिल्लांना लोळण घ्यायला मैदान पाहिजे होतं का? बापाच्या पंख्याखालीच बसायचं होतं तर हा तमाशा मांडला कशाला? भाची भिंतीला टेकून ऐकत होती. मीच काढलं, ती म्हणाली. उकडत असेल असं वाटलं. मग जरा डोळा लागला.

"या थंडीत उकडत होतं?" चोचीनं मान वर केली.

भाचीनं मान फिरवली.

दारात ओळंबा येऊन उभा राहिला होता. अंघोळ झालेली, इस्त्रीचा शर्ट, कामावर निघालेला. पाठीमागं त्याची बायको चहाची कपबशी धरून. ओळंब्यानं ढिगाकडं एकदा बघितलं नि लगेच छताकडं बघितलं. तुझ्या आत्याला सांग, तो पोरीला म्हणाला, की झालं तेवढं बास. ठरलं होतं ते ठरलं. किराणावाला आज येणारच आहे. जिवंत आहेत ती घेऊन जा म्हणावं. वहिनीनं आपलं पालुपद जोडलं, की मी तर आधीपासून सांगत होते, पण या घरात माझं ऐकतो कोण.

भाचीनं निरोप पोचवला नाही. तिनं खुरपं घेतलं आणि मेलेली पिल्लं भरायला पोतं उघडलं.

चोच उठली. कललेला पत्रा सरळ करावा म्हणून तिनं कड्याला हात लावला आणि तिच्या बोटांत दोरी आली. पत्र्याच्या काठाला लोंबणारा वीतभर तुकडा, गेरूनं तांबडा झालेला. विटांची ओळ सरळ धरायला गवंडी ताणतात ती दोरी. पत्रा कुणीतरी नीट गुंडाळून, बांधून ठेवला होता, आणि भाचीनं घाईत दोरी ओढून तोडली होती. तुकड्यावर गाठ तशीच होती. एका हिसक्यात सुटणारी, दुहेरी फासाची. ही गाठ त्यांचा बाप मारायचा. त्यानं ती मुलाला शिकवली आणि मुलगी मागं लागली तेव्हा तुला काय करायचीय म्हणाला. लहानपणी चोर पावलांनी भावाच्या मागं उभी राहून ती तिनं बघून घेतली होती.

तिनं दोरी हातात धरून भाचीकडं बघितलं. भाची पोत्यात वाकली होती, पण हात थांबले होते. डोळ्यांनी ती आत्याला सांगत होती, की बोलू नकोस.

चोच आयुष्यात कुणाचं ऐकून गप्प बसली नव्हती. ती वळली.

"दादा," ती म्हणाली, "ही गाठ तुझी आहे."

इतक्या वर्षांनी ही हाक आली होती आणि ती अशी आली होती.

ओळंब्यानं नाही म्हटलं नाही. तो खोटं बोलण्यातला नव्हता, न बोलण्यातला होता. पहाटे उठलो, दिवा दिसला म्हणून आत आलो, असं त्यानं सांगितलं. सांगताना तो बहिणीकडं न बघता भिंतीकडं बघत होता. पिल्लं पत्र्याला चिकटून एकमेकांवर चढत होती. एवढी मोठी खोली आणि तुम्ही त्यांना घमेल्याएवढ्या जागेत कोंबलेलं. जीव आहे त्यांना. मोकळं केलं. पत्रा पायात येऊ नये म्हणून बांधून ठेवला.

"आणि दार?"

दार ढकललं होतं, तो म्हणाला. कडी लागली नसेल.

"वारा आला, धुकं आलं, पिल्लं पळाली," चोच म्हणाली. "पळाली ती कुठं? तुझ्या आरशासारख्या कोपऱ्यात. बरं, ते कळत नव्हतं तुला, सोडलं. पण पोरगी मघापासून तुझं पाप स्वतःच्या अंगावर घेतेय आणि तू इस्त्रीचा शर्ट घालून किराणावाल्याची वाट बघतोस. लाज कुठं बांधून ठेवलीस? त्याच दोरीनं?"

ओळंब्याच्या मानेची शीर फुगली. तू माझ्या फळ्या पावसात टाकल्यास, तो म्हणाला. ती म्हणाली, मेलेल्या फळ्या. तो म्हणाला, सागवानी होत्या. मग जे सुरू झालं त्यात बापाचं आजारपण आलं, कुणी उशाशी बसलं आणि कुणी तोंड दाखवायला आलं ते आलं, वहिनीच्या माहेरचं आलं, चोचीला बघायला आलेला तो शेवटचा मुलगाही आला. इतक्या वर्षांचं तुंबलेलं, पोरीच्या गाळणीतून न जाता, सरळ एकमेकांच्या तोंडावर. धुक्यात रस्त्यानं जाणारा दूधवाला सायकल थांबवून उभा राहिला.

"बास."

भाची मोठ्यानं बोललीच नव्हती, पण दोघं थांबली. तिनं खुरपं पोत्यावर टाकलं.

"बाबा, तुम्हाला खेप बुडायला हवी होती. बुडवली नाहीत, पण बुडल्यावर बरं वाटलं तुम्हाला. मी बघितलं तुमचं तोंड." मग ती आत्याकडं वळली. "आणि आत्या, तू दुसऱ्या कुणाला कोपरे भरल्याशिवाय पिल्लं दिली असतीस? मागं एक पोल्ट्रीवाला पाय धरत होता, त्याला दिली नाहीस. मला का दिलीस?"

चोच हातातली दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

"यांची जिरवायला," भाची म्हणाली. "तुमच्या दोघांच्या फळ्यांत माझी पिल्लं मेली. आता यापुढं मी कुणाचा निरोप कुणाला देणार नाही. काय ते तोंडानं बोला, नाहीतर मरा."

आणि ती बाहेर गेली. दोघांना वाटलं, बॅग भरायला गेली. वहिनी तर रडायच्या तयारीत पदर शोधायला लागली. पण भाची आली ती जिवंत पिल्लांसाठी रिकामी खोकी घेऊन. पिल्लं तिनं खोक्यांत भरली आणि खोकी स्वयंपाकघरात चुलीच्या ऊबेला नेऊन ओळीनं मांडली, आईच्या नाकावर टिच्चून. मग परसात पडलेले विटांचे तुकडे घमेल्यात भरून आणले, बापाच्या पोत्यातलं सिमेंट घेतलं, वाळू घेतली, पाणी ओतलं आणि फावड्यानं कालवायला लागली.

ओळंबा दारातच होता. कामावर जायला उशीर होत होता, पण पाय निघत नव्हता. पोरीनं माल इतका पातळ कालवला होता की पीठच भिजवल्यासारखं दिसत होतं. तुकडे तिनं कोपऱ्यात जमेल तसे रचले, एक आडवा, एक उभा, मधे फटी. वर थापीनं माल फासला. तो ओघळून भिंतीवरून खाली आला. त्याच्या आरशासारख्या गिलाव्यावरून. ओळंब्यानं डोळे मिटले.

"पाणी जास्त झालंय," तो अखेर म्हणाला.

पोरीनं लक्ष दिलं नाही.

"वीट भिजवायची असते आधी. कोरडी वीट माल पिऊन टाकते."

पोरगी फासतच राहिली. चोच कड्यापाशी उभी राहून बघत होती. एरवी ती यावर दहा वाक्यं बोलली असती. आज ती गप्प होती, आणि तिच्या गप्प राहण्यानं ओळंबा जास्तच अस्वस्थ झाला.

"थापी अशी धरतात?" तो ओरडला. "भाकरी उलटतेस का?"

आणि इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर सारत आत आला. थापी तिच्या हातातून हिसकावली. रचलेले तुकडे लाथेनं पाडले. फासलेला माल खरवडून घमेल्यात टाकला. हे सगळं करताना त्याचं तोंड एका सुरात चालू होतं, की हे मी कुणासाठी करत नाही, बिघडलेलं काम माझ्या परसात राहणार नाही म्हणून करतोय, आणि ज्यांना हाताचा उपयोग नाही त्यांनी निदान विटा तरी भिजवाव्यात. हे शेवटचं कुणाला उद्देशून होतं ते कळत होतं. चोचीनं बादलीत पाणी घेतलं आणि विटांचे तुकडे भिजत टाकले.

"दादा, खालपासून गोल पाहिजे. नुसता वरून नको."

"मला शिकवू नकोस."

"तुला आजवर कुणी शिकवलंच नाही, म्हणून तर ही वेळ आली."

"माल दे."

तिनं माल दिला. तो ओतताना मुद्दाम त्याच्या शर्टावर चार शिंतोडे उडवले. त्यानं बघितलं, काही बोलला नाही, आणि पुढच्या थापीला तिच्या पायावर माल सांडला.

पहिला कोपरा भरून झाला तेव्हा धुकं विरळ झालं होतं. ओळंब्यानं उलट्या हातानं गोलाई फिरवली. त्यात थापीचा एकही वळ दिसत नव्हता. काटकोनात जन्म घालवलेल्या माणसाच्या हातून ते गोल काम असं उतरलं होतं की चोचीनं तळवा फिरवून कुठं खाच लागते का ते शोधलं. लागली नाही. याचा तिला रागच आला.

तेवढ्यात किराणावाला आला. खिशात टेप, हातात सायकलच्या किल्ल्या. दारातच थबकला. कोपऱ्याकडं बघितलं, दुसऱ्या कोपऱ्याकडं बघितलं. तिथं भाची विटा रचत होती, आता एकावर एक, सांध्यावर सांधा येणार नाही अशा, बापानं खेकसून सांगितलं होतं तशा.

"अहो मिस्त्री," तो म्हणाला, "इथं माझे रॅक कसे बसणार?"

भाचीचे हात थांबले. चोचीनं घमेलं खाली ठेवलं. ओळंबा उकिडवा बसला होता, पाठ दाराकडं. त्यानं थापीवर माल घेतला, कोपऱ्यात मारला आणि दाबून सारखा केला.

"नाही बसणार," तो म्हणाला.

म्हणजे कसं, किराणावाल्यानं विचारलं; आपलं बोलणं झालं होतं. ओळंब्यानं वळून त्याच्याकडं बघितलं आणि एवढंच सांगितलं, की बोलणं काटकोनाच्या खोलीचं झालं होतं, ही ती खोली नाही. किराणावाला चोचीकडं वळला. गावात कुणाचं काही बिनसलं की माणसं तिच्याकडं वळायची, दोष द्यायला. तिनं त्याला दारातून बाजूला व्हायला सांगितलं, उजेड अडतोय.

तो गेल्यावर भाची विटा भिजवायला बादलीपाशी आली. आत्याकडं न बघता म्हणाली, "मेली तेवढी परत देणार?"

"कोपरे वाळल्यावर. आणि एक दिवस बादलीवर बसल्यावर."

"पुन्हा?"

"तू नाही," चोच म्हणाली. "तुझा बाप."

भाची हसली नाही. पण बादलीत हात घालून वीट हुडकताना तिनं जरा जास्तच वेळ लावला. पलीकडून ओळंबा म्हणाला, की काय कुजबूज चाललीय ती मोठ्यानं करा, आता काही निरोप यायचे नाहीत म्हणे. चोचीनं ते मोठ्यानं पुन्हा सांगितलं. त्यावर तो जे बोलला ते ऐकून बाहेर उभ्या वहिनीनं कान झाकले.

तिसऱ्या कोपऱ्याला हात घालायच्या आधी भाचीनं परसाच्या टोकाला खड्डा खणला, पोतं त्यात ठेवलं, वर चुना टाकला आणि माती ओढली. कुणी तिला मदतीला गेलं नाही. तिनं येऊच दिलं नसतं. परत आली तेव्हा तिच्या पापण्या ओल्या होत्या आणि ती ओळंब्यावर खेकसली, की दाराला आतून कडी पाहिजे, आजच. तो म्हणाला, कडी आणायला बाजारात जावं लागेल. मग जा, ती म्हणाली. तो गेला. शर्टावर मालाचे डाग तसेच.

चोच स्वयंपाकघरात डोकावली. खोक्यांतली पिल्लं चुलीपाशी निवांत पसरली होती, ना गोळा झालेली, ना लांब पळालेली. वहिनी त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून तिरकी चालत भांडी घासायला नेत होती आणि जाता येता त्यांना शिव्या देत होती. चोचीनं एका खोक्याचं झाकण अर्धं सरकवलं, हवा येईल इतकं. वहिनीनं ती वळताच ते पुन्हा लावलं. चोचीनं दारातून मागं येऊन पुन्हा सरकवलं आणि झाकणाखाली काडी अडकवली.

मग ती रस्ता ओलांडून आपल्या खोलीत आली. ट्रे कलवायची वेळ कधीच टळली होती. तिनं हात धुतले, पण नखांतलं सिमेंट निघालं नाही. तसेच ट्रे ओढले. एक अडकला, त्याला तिनं गुडघ्यानं ढकललं. खोक्यातलं पाय ओढणारं पिल्लू पाण्याची वाटी सांडून भिजल्या कागदावर उभं होतं आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं ओरडत होतं.

"ऐकू येतंय," ती म्हणाली, आणि कागद बदलायला जुनं वर्तमानपत्र फाडायला बसली.